धुतलेला शर्ट

धरणगावाकडच्या आमच्या गावात अक्काच्या दारातला धुण्याचा दगड सगळ्यांच्या आधी जागा होई. ओल्या कापडाचा तो संथ, ठाम आवाज, निळीचा वास आणि दोरीवर डोळे दिपवणारी शुभ्र रांग, एवढ्यात माझी ही मावशी पुरती मावे. उसना आणलेला टॉवेलसुद्धा ती धुऊन, घडी घालून परत करी. मळकं कापड कोणाच्या हाती देणं तिच्या लेखी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही अपमान होता.

रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो, त्याला थंड पाणी आणि मीठच हवं, हे ज्ञान तिच्या हातांना पाळीपासून बाळंतपणापर्यंतच्या आयुष्याने दिलेलं. मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासतो. थेंबाथेंबात माणसाची ओळख असते, हे माझं रोजचं काम. तरीही बांधाच्या भांडणात शेजारच्या शेतवाल्याने तिच्या एकुलत्या एका मुलाला, दिलीपला, बेदम मारलं आणि इस्पितळाने त्याचे कपडे पिशवीत कोंबून माझ्या हाती दिले, तेव्हा मी मूर्खपणाने ती पिशवी अक्काकडे दिली. जपून ठेव, पोलीस मागतील, एवढंच म्हणालो. मारणाऱ्याचं नाक दिलीपने फोडलं होतं. तो माणूस मात्र त्या सांजेला आपण पाचोऱ्यात असल्याचं छातीठोक सांगत होता. त्याला खोटं पाडणारं त्याचंच रक्त दिलीपच्या रक्तासोबत त्या शर्टावर होतं.

दिलीप तिसऱ्या दिवशी गेला. त्याला अग्नी देऊन आलो, तर दुसऱ्या सकाळी पोलीस दारात. अक्काने पेटीतून शर्ट काढला. निळीतून काढलेला, बाह्यांना कडक इस्त्री. हवालदाराने तो उलटसुलट करून पाहिला. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. ती गोंधळून हळूच म्हणाली, "तसा मळका शर्ट सायबना हातमा कसा देवाना, भाऊ?"

तपासण्याजोगं रक्त आढळलं नाही, असा अहवाल आला. कोर्टाने संशयाचा फायदा दिला आणि तो माणूस आजही अक्काच्या दारावरून मोटारसायकल उडवत जातो. चीड येते. कायद्याची येते, इस्पितळाची येते, आणि सर्वांत जास्त माझ्या जिभेची, जिला "धुऊ नको" हे दोन शब्द वेळेवर सुचले नाहीत.

निकालानंतर शर्ट परत मिळाला. तो खुंटीला आहे. त्यावर धूळ बसते आणि अक्का ती झटकत नाही. परवा गेलो तेव्हा धुण्याचा दगड कोरडा होता. इतक्या वर्षांनी मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने शर्टाच्या छातीवरून बोट फिरवलं.

"डाग ऱ्हाता ते तेवढा तरी पोऱ्या घरमा ऱ्हाता."

वर्षं सरतात, कलतं ऊन रोज त्या खुंटीपर्यंत येतं, आणि इतक्या स्वच्छ कापडावर गेलेल्या माणसाला शोधायचं कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.