बाव उपसली तेवढी

“वैनी, तू बावीत पडलीस का आपनहून उडी घेतलीस?”

विचारलं मी. माझ्या वर्गातल्या राही आणि काशी कुडणाच्या कुंपणाआड तोंड दाबून उभ्या होत्या. हा सवाल टाकला तर ओंजळभर आवळे, नाही टाकला तर साऱ्या शाळेत मी भित्री. सातवीत पहिला नंबर काढलेल्या मुलीनं भित्री म्हणवून घ्यायचं म्हणजे काय!

तुळसावैनी माझ्या चुलतभावाची, आत्मारामदादाची बायको. दादा मुंबईला गिरणीत. श्रावणात तिचं पाच महिन्यांचं पोर तापानं गेलं, आणि ऐन भातकापणीत माझ्या बाबांनी तिला कातळाखालच्या पिण्याच्या पाण्याच्या बावीतून वर काढली. त्याला आज नववा दिवस.

त्या नऊ दिवसांत गावानं काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखं मळमळेल. बाबांनी तिला काठावर ठेवलं आणि आधी तीनदा आंघोळ केली. घरोघर हंडे पालथे झाले, चिंचेनं घासले गेले. शेतात पिकलेलं भात गळत होतं, तरी वीस माणसं दोन दिवस बाव उपसत होती. गाळात एक जुनी कळशी सापडली, तिच्यावरून दोन घरं भांडली. मग पाण्यातल्या आसरांनी, जलदेवतांनीच बाईला आत ओढलं असं ठरलं आणि त्यांना कोंबडा दिला. त्या कोंबड्याच्या रश्शाला जेवढी माणसं जमली, त्याच्या निम्मी कापणीला आली नव्हती. बाव शुद्ध झाली. वैनीच्या केसांतला चिखल मात्र केसांतच वाळला.

तिच्यापुढं त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. नाव काढलं की पुन्हा मनात येतं म्हणे. म्हणून बायका तिच्याशी बोलतच नव्हत्या. तिच्याविषयी तेवढं बोलत. पोर खाल्लंन, आता पाणी बाटवलंन. तिची सासू, म्हणजे आमची गोदूबाई काकी, तिला गोठ्याशेजारच्या खोपीत बसवी, बाहेरून कडी घाली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “सांभाळतंय हो, डोल्यांत तेल घालून.”

ती कडी काढून मी आत शिरले होते. खोपीत शेणामुताचा वास भरला होता. सकाळची पेज तशीच पडून आंबली होती, वर माश्या. माझा हात नाकाकडं गेला. वैनीनं तो पाहिला, आणि मला माझी शिसारी आली.

वाटलं, आता ही थोबाडीत देणार.

“उडी,” ती म्हणाली. “इतक्या दिसांत तूच इचारलंस गो. बाकीची पान्याचं इचारतात.”

कुडणामागं काशी फिसकली. तुझे आवळे तूच खा, असं मी तिला सांगितलं आणि वैनीपाशी खाली बसले, परकराची पर्वा न करता.

मग वैनी बोलत राहिली. पोर गेलं तरी दूध आटत नव्हतं. चोळी भिजायची. काकी नाक मुरडायची, ती चोळी वेगळी धुवायला लावायची. दादा येईल म्हणून वैनी वाट बघत होती, तो आला नाही.

तो येईल कसा? काकी सांगायची तशी त्याला पत्रं लिहीत होते मीच. ‘मूल देवाघरी गेले, तुळसा सावरली आहे, इकडील सर्व क्षेम, येण्याची तसदी घेऊ नये.’ वळणदार अक्षरात. मास्तर माझं अक्षर साऱ्या वर्गाला दाखवतात.

मी विचारलं, “आता पन मनात येतं?”

“येतं. सकाळी उठल्यावर जास्त. कोन असं बोलत बसला की उतरतं.”

मी वहीचं पान फाडलं. वैनीनं सांगितलं ते दादाला तसंच्या तसं लिहिलं, शब्द न सजवता, आणि राहीला पत्र घेऊन पालीच्या टपालकचेरीत पिटाळली. मग वैनीचा हात धरून खोपीबाहेर आणली. काकी वाटेत आडवी आली. लोक काय म्हणतील, म्हणाली. मी म्हटलं, “लोक म्हनतात तेवढंच गो काकी. केस कोनी धुतलेन तिचे?”

वैनीला आमच्या पडवीत बसवलं आणि खळ्यात गेले. आई-बाबा भात झोडत होते. घामावर भुसा चिकटला होता. आवाज मी चढाच ठेवला.

“आई, तुळसावैनी पडवीत बसलेय. पानी तापव, तिचे केस मी धुतंय. आजपासून ती हितंच ऱ्हानार, माज्या वाकळंवर, माज्या बाजूला. मी शाळंत गेलंय की तू तिच्याजवळ बसायचंस, आनि ती बोलंल ते बोलू द्यायचंस. बाबा, दादाला मी खरं काय ते कळवलंय. तो बोटीनं येईल, तुमी त्याला आनायला बंदरावर जा. मी इचारायला नाय आलंय. सांगायला आलंय.”