माझ्या पोटातली फुलं

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे आणि मला क्षणभरही स्वस्थता नाही. माझ्या पोटात सतत चुळबुळ चालते. किडे वळवळतात, पानं कुजतात, वाफा येतात. एके काळी मी असा नव्हतो. कुंभाराने थापून, भाजून मला घडवलं तेव्हा मी थंडगार पाणी देत असे. पहिला घोट घेऊन पाहुणे "वा!" म्हणायचे. पुढे मला बारीक चीर गेली, स्वयंपाकघरात ओल पसरू लागली आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे सूनबाईंनी मला भोकं पाडली, भाज्यांची सालं नि सुकी पानं घातली आणि खत करायला बसवलं. पाणी देणाऱ्याने सालं खायची! फार वाईट वाटलं. पण खत छान होऊ लागलं, तशी मलाही ऐट आली.

अशातच सण आला आणि घोटाळा झाला. देवापुढची फुलं आजोबा दरवर्षी नदीत सोडत. यंदा त्यांचा मुलगा उत्साहाच्या भरात बायकोला मदत करायला गेला आणि सगळे हार माझ्यात, कांद्याच्या सालांवर टाकून मोकळा झाला.

आजोबांनी ते पाहिलं मात्र, त्यांचा पारा चढला. "देवाची फुलं कचऱ्यात? आजच्या आज फोडून टाका हा माठ!"

"बाबा, चुकलं माझं," मुलगा पुटपुटला. सूनबाईंचा चेहरा पडला. आजोबांनी हार उपसून प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि तरातरा नदीकडे निघून गेले.

माझा जीव टांगणीला लागला. जिन्यात पाऊल वाजलं की वाटे, आला हातोडा!

दुपारी आजोबा परतले. पिशवी तशीच हातात होती.

"काय झालं, बाबा?" सूनबाईंनी विचारलं.

"नदीतून सगळं जाळीने काढतात गं. फुलं, बाटल्या, फाटक्या चपला, सगळं एकाच कचरागाडीत. इतकी वर्षं मी देवाची फुलं कुठे पाठवत होतो?"

त्यांनी पिशवी माझ्याशेजारी उपडी केली. मग ते माझ्याजवळ फतकल मारून बसले आणि हारांतले दोरे नि चमकी सोडवू लागले. सूनबाईही शेजारी बसल्या.

"पण यात कांदा पडता कामा नये," आजोबा म्हणाले.

"मग सालं कुठे टाकू?"

"दुसरा माठ आणतो, यातलीही त्यात काढ. हा राहू दे फुलांचा."

तेव्हापासून आजोबा रोज सकाळी आंघोळ करून वर येतात आणि कालची फुलं माझ्यात ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात. माझी चुळबुळ मात्र थांबलेली नाही, कारण अजून कितीतरी घरांतून फुगलेल्या पिशव्या नदीकडे जाताना मला गच्चीवरून दिसतात. मित्रांनो, फुलं मातीला द्या, आणि त्याआधी दोरा नि चमकी काढा. हे दोन्ही आम्हांला पचत नाहीत. आणि पिशवीला गाठ मारण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही पुढे नक्की कुठे जाते?