साहेब मागून येतायत

पुण्याहून गाडी आणायला विनोदिनी निघाली तेव्हा जयंतनं एवढंच विचारलं, "ताई, आणि तिचे पार्ट तुला कोण विकणार, तूच का?"

भावाचं चुकत नव्हतं. उज्जैनच्या फ्रीगंजमधलं दिघे ऑटो स्टोअर्स म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. वडिलांनी माळव्यातल्या संस्थानिकांच्या गाड्या मोडीत निघाल्या तेव्हा पोत्यांनी माल भरून ठेवला होता. वडील गेल्यावर विनोदिनी दुकानात उभी राहू लागली. लग्नाच्या वयात आईचं आजारपण निघालं, मग वडिलांचं, आणि पुढे लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. आता तिनं पन्नाशी ओलांडली होती. देशात नव्या कंपन्या आल्या, नव्या गाड्या आल्या. त्यांचे भाग कंपनीच्याच शोरूममध्ये मिळायचे. दुपारी दुकानात पंखा फिरायचा आणि ती एकटी बसलेली असायची.

अशा दुपारीच पुण्याहून डॉक्टर मधुकर केतकरांचा फोन यायचा. त्यांच्याकडे एक जुनी विलायती एम.जी. गाडी होती, दोन माणसांची, उघडी, गडद हिरवी. कुणीतरी त्यांना उज्जैनचा नंबर दिला आणि तेव्हापासून दर महिना-दोन महिन्यांनी त्यांना काही ना काही लागायचं. फॅन बेल्ट, इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कसलीशी जाळी. बोलणं सुट्या भागावरून सुरू व्हायचं आणि पुण्याची थंडी, शिप्रेचं पाणी, गुडघेदुखी असं फिरत फिरत जायचं. फोन धरून ते काही शोधायला लागले की गुणगुणायचे. ते ऐकत विनोदिनी थांबून राहायची. त्यांना तिनं पाहिलं नव्हतं. पण सकाळी साडी निवडताना, आज फोन येईल का, असं मनात यायचं आणि आपलं आपल्यालाच हसू यायचं.

मग एक दिवस ते म्हणाले, "विनोदिनीबाई, मी मुलाकडे अमेरिकेला चाललो. कायमचा. गाडी तुम्ही घ्या. दुसऱ्या कुणाला दिली तर तो लग्नाच्या वरातीत फिरवेल."

तिनं एका दमात हो म्हटलं.

पुण्यात त्यांच्या दारात ती उभी राहिली तेव्हा घरात खोक्यांचा ढीग होता. मुलगा हर्षल सुटी काढून आला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. डॉक्टर आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा थकलेले होते, उंच, किंचित वाकलेले. त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, गाडीच्या खुब्या सांगितल्या, किल्ली तिच्या हातात ठेवली. एवढ्यात आतून हर्षलनं हाक मारली, "बाबा, पॅकर्स आलेत." ते "हो, हो" म्हणाले, तिच्याकडे पाहून हात जोडले आणि आत गेले. ज्या भेटीसाठी तिनं नवी साडी घेतली होती ती भेट चहाचा कप गार व्हायच्या आत संपली.

फाटकातून गाडी बाहेर काढताना तिनं मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला होता. गाडी बुटकी, जमिनीला चिकटून चालणारी. ट्रकची चाकं तिच्या खांद्याएवढी दिसत होती. शेजारच्या सीटवर बॅग, पाण्याची बाटली आणि गुंडाळलेली शाल. वाऱ्यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. गावागावांत पोरंसोरं मागे धावत, म्हातारे उठून उभे राहत. संगमनेरच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या माणसानं चारी बाजूंनी गाडी निरखली, तारांच्या चाकांवरून हात फिरवला आणि विचारलं, "साहेब कुठंयत?"

ती नुसती हसली.

पण धुळ्याला संध्याकाळी हसून भागेना. लॉजचा मॅनेजर वर न बघताच म्हणाला, "एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही."

दिवसभर स्टिअरिंग धरून तिचे खांदे भरून आले होते. दुसऱ्या लॉजमध्येही हेच ऐकायला लागणार, हे तिला माहीत होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "एकटी नाही. साहेब मागून येतायत. जीपनं."

"काय करतात साहेब?"

"डॉक्टर आहेत."

मॅनेजर लगेच उभा राहिला. खोली रस्त्याकडेची नको, आतली शांत देतो म्हणाला. दोन टॉवेल पाठवले, दोन साबण पाठवले. विनोदिनी त्या रुंद पलंगाच्या एका कडेला झोपली. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. तसं वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली. सकाळी मॅनेजरनं विचारलं तर तिनं बिनदिक्कत सांगितलं, "पेशंटमुळे अडकले. पुढे गाठतील मला."

सेंधव्याच्या बाजूला पळस फुलले होते. बिजासनचा घाट गाडीनं कुरकुरत का होईना चढला. "शाब्बास," विनोदिनी मोठ्यानं म्हणाली, आणि शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग खलघाटला नर्मदा ओलांडली, ऊन चढलं, आणि निमाडातून माळव्यावर चढणारा दुसरा घाट सुरू होताच बॉनेटमधून वाफ यायला लागली. पहिल्याच वळणावर एक ढाबा होता. तिनं गाडी झाडाखाली घेतली.

ढाबा एक बाई चालवत होती, तिच्याच वयाची, काटक, हातात चांदीचं जाड कडं. लोक तिला अनसूयाबाई म्हणत होते. तिनं आधी बादलीभर पाणी आणलं, मग खाट पुढे ओढली.

"इंजन ठंडा होने में टैम लगेगा. बैठो. भाईसाब कहाँ हैं?"

आता विनोदिनीला विचारही करावा लागला नाही. "पीछे आ रहे हैं. जीप से."

"तो खाना साथ में ही खाना. क्या पसंद है उनको?"

आणि विनोदिनी सांगत गेली. चहात साखर घेत नाहीत. गुडघे दुखतात, म्हणून खाली बसत नाहीत, खाटेवरच वाढावं लागेल. काही शोधायला लागले की गुणगुणतात, आपल्याला ऐकू जातंय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. अनसूयाबाई पीठ मळता मळता हसत होती. "मेरे से क्या बता रही हो, सब मर्द ऐसे ही होते हैं," म्हणाली. आपण कुणाबद्दल बोलतोय हे विनोदिनीला तेव्हा कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडीकडे बघत राहिली.

ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या, अंबाडीची भाजी झाली. अनसूयाबाईनं दोन थाळ्या मांडल्या आणि त्यांवर दोन थाळ्या उपड्या घातल्या. खालून जीपचा आवाज आला की ती हात पुसत रस्त्यावर जायची, कपाळावर आडवा हात धरून बघायची आणि परत यायची. "ये नहीं है." पुन्हा आवाज, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा ती उन्हात तशीच उभी राहिली तेव्हा विनोदिनीच्यानं बघवेना. जो माणूस येणारच नव्हता, त्याची वाट एक परकी बाई इतक्या मनापासून बघत होती.

"बहनजी," विनोदिनी म्हणाली, "अंदर आ जाओ. कोई नहीं आ रहा."

अनसूयाबाई वळली. मग हळूच म्हणाली, "गुजर गए?"

"नहीं. थे ही नहीं. मेरी शादी नहीं हुई."

"फिर जिनकी बात कर रही थी?"

"वो... हैं एक. उनको कुछ मालूम नहीं."

अनसूयाबाईच्या चेहऱ्यावर दया येईल, अशी विनोदिनीला भीती होती. पण बाई चक्क चिडली. "तो मेरी रोटी क्यों ठंडी करवाई?" ती म्हणाली. थाळ्या उघडल्या, एक विनोदिनीच्या पुढ्यात सरकवली, आणि दुसरी घेऊन समोरच्या खाटेवर स्वतः जेवायला बसली.

भाकरी गार झाली होती तरी गोड लागत होती. मग अनसूयाबाई म्हणाली, "मेरा वाला इसी सड़क पे ट्रक चलाता है. कभी रुकता है. कभी हॉर्न बजा के निकल जाता है." आणि तिनं भाजी वाढली.

निघताना विनोदिनी म्हणाली, "चलो, घाट के ऊपर तक घुमा लाती हूँ. उतरते ट्रक में वापस आ जाना."

अनसूयाबाईनं गाडीत वाकून पाहिलं. चामड्याच्या सीटवर तळवा टेकवला, जरासा दाबला. मोह तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात एक ट्रक ढाब्यावर येऊन थांबला. "ग्राहक आ गए," ती म्हणाली आणि आत गेली.

घाट एकटीनंच चढायचा होता. या खेपेला गाडी तापली नाही. वर आल्यावर माळव्याचा सपाट, गव्हाचा मुलूख लागला आणि विनोदिनी रडायला लागली. वाऱ्यानं पाणी कानांकडे जात होतं. थांबून डोळे पुसावेत असं तिला वाटलं नाही. इंदूर येईपर्यंत रडणं आपोआप सरलं.

फ्रीगंजमध्ये ती पोचली तेव्हा दुकानं उघडी होती, उजेड होता. बघता बघता गर्दी झाली. जयंतनं गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, आणि बॅग उचलून घरात नेली. वहिनी, कुसुम, दारात आली. "ताई, जेवलात का?"

"हो," विनोदिनी म्हणाली. "छान जेवले."

दोन दिवसांनी तिनं पुण्याला फोन लावला. डॉक्टरांनीच उचलला. घाटात त्रास दिला का, ऑइलचा दाब किती राहिला, सगळं विचारलं. मग म्हणाले, "मला नाशिकपर्यंत तरी तुमच्याबरोबर यायचं होतं. आदल्या दिवशी टोपीसुद्धा काढून ठेवली होती. पण हर्षल म्हणाला, बाबा, या वयात वारं सोसणार नाही."

"तुम्ही बोलला नाहीत," विनोदिनी म्हणाली.

"नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल असं वाटलं."

तिनं खूप काही बोलायचं ठरवलं आणि म्हणाली, "तिकडे थंडी फार असते. गुडघ्यांना जपा."

त्यानंतर फोन आला नाही. यायला कारणही नव्हतं. त्यांच्याकडे गाडीच राहिली नव्हती, तर पार्ट कशाला लागणार?

कुसुम एकदा हौसेनं गाडीत बसली, टॉवर चौकापर्यंत गेली, आणि पदर, अंबाडा आणि डोकं तिन्ही दोन हातांत धरून परत आली. पुन्हा म्हणून बसली नाही. रविवारी सकाळी विनोदिनी एकटीच इंदूरच्या रस्त्यावर सांवेरपर्यंत जाई. तिथल्या टपरीवर चहा घेई, आजूबाजूच्या लोकांना गाडी बघू देई. कुणी विचारलंच, तर ही माझी आहे, मीच पुण्याहून चालवत आणली, असं सांगे. मग ऊन तापायच्या आत परत येऊन दुकान उघडत असे.