हौदाला लावलेला कान

हे कुणालाच पटायचं नाही. मला स्वतःला पटायला वेळ लागला, आणि मी तर माझ्या कुठल्याही गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणारा माणूस.

आम्ही तिघे निघालो होतो: मी, मास्तर आणि घड्याळजी. गाडी माझी, पेट्रोल मास्तरांचं, उशीर घड्याळजीचा. गावाची घड्याळं वेळेवर आणणारा हा गडी स्वतः कधी वेळेवर आला नाही. आता त्याचं दुकान त्याची लेक चालवते, आणि तिच्याच बाकावर बसून मी हे सांगतोय. ती डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसली आहे. ऐकत नाहीये, असं दाखवते.

बेत साधा होता. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यांत वाइन करणारी घरं. एकेका घरी थांबायचं, घोटभर चाखायची, गप्पा हाणायच्या आणि उजेड आहे तोवर परतायचं.

पहिल्या घरी मास्तरांनी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटून म्हणाले, "ओल्या मातीचा वास येतोय."

"मास्तर, ते तुमचे बूट," घड्याळजी म्हणाला.

दुसऱ्या घरी झाडाखाली आडवे झालो. गाडी चालवायची म्हणून मी फक्त वास घेत होतो. पण असा घेतला, की माझ्या उच्छ्वासानं कुंपणावरची माशी झिंगून खाली पडली.

"माशी?" भिंग न काढता लेक म्हणाली.

"दोन होत्या. एकीनं दुसरीला सावरलं."

तिसऱ्या घरी मात्र हसणं संपलं. तिथल्या मालकीणबाई आम्हाला तळघरात घेऊन गेल्या. वर लख्ख ऊन, खाली एकच पिवळा दिवा आणि अंगाला चिकटणारा गारठा. जमिनीत बांधलेले सिमेंटचे हौद. एकात द्राक्षं आंबत होती, शेजारचा रिकामा. बाईंनी माझ्या हातात पेटती मेणबत्ती दिली.

"द्राक्षं आंबताना एक हवा सुटते," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, कळत नाही. जड असते, पाण्यासारखी तळाशी साचते. चालताना मेणबत्ती गुडघ्याशी धरायची. विझली की मागे फिरायचं. आणि कुणी वाकायचं नाही."

"बाई, या वयात वाकतंय कोण!" मास्तर म्हणाले.

वाकणारा आमच्यातच होता. घड्याळजीला कुठं टिकटिक ऐकू आली की कान लावल्याशिवाय चैन पडत नसे. सासऱ्यांच्या आजारपणात डॉक्टरांच्या आधी यानं त्यांच्या छातीला कान लावला होता. आणि त्या भरल्या हौदातून आवाज येत होता. टप्... टप्, टप्... टप्.

"ठोका चुकतोय," तो पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही. बाई पलीकडच्या टोकाला मास्तरांना पिंपं दाखवत होत्या, मी तिकडे वळलो. परत वळून पाहतो तर घड्याळजी नाही.

रिकाम्या हौदाच्या काठावर त्याची टोपी होती.

आत डोकावलो. लोखंडी शिडी उतरून तो तळाशी बसला होता, मधल्या भिंतीला कान लावून. डोळे अर्धे उघडे. तोंडावर हसू. हाक मारली, पापणी हलली नाही. मी मेणबत्ती खाली धरली. ज्योत फडफडलीसुद्धा नाही. कुणी चिमटीत धरून न्यावी तशी गेली.

"उतरू नका!" बाई ओरडल्या. "काढायला उतरणाराही तिथंच राहतो!" आणि त्या दोर आणायला वर धावल्या. मास्तर नुसते "अरे, अरे" करत होते.

लेकीचा चिमटा थांबला. "बाबांनी हे कधीच सांगितलं नाही."

"त्याला आठवतच नाही, पोरी."

दोर येईपर्यंत तो टिकेल असं दिसेना. छाती भरून श्वास घेतला, ओठ शिवल्यासारखे मिटले आणि शिडीवर पाय टाकला. पायऱ्या संपेनात. विहिरीएवढा खोल हौद! पाण्यात उतरावं तसं वाटत होतं, पण ओलं करणारं काही नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर. कानात माझंच रक्त घण घालत होतं. वरचा दिवा काजव्याएवढा झाला. तळाशी पोचलो, त्याचा हात धरला. गार. मनगटावरचं घड्याळ चालू होतं. त्याचं स्वतःचं काही कळेना. छाती फुटायला आली, तरी मी ओठ उघडले नाहीत. एक घोट त्या हवेचा, की दोघांच्याही बायका विधवा.

मग मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "ऊठ लेका, घरी लेक वाट बघतेय!" आणि तो, देवाशपथ, तसाच हसत म्हणाला, "थांब रे, ठोका मोजू दे." मी म्हणालो, "मोजायचं ते वर जाऊन मोज!" त्याला खांद्यावर टाकलं, आणि...

लेकीनं डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, थापा मारू नका. तुम्ही बोललात म्हणजे श्वास घेतलात. श्वास घेतला असतात तर तुम्हीही तिथंच बसला असता. खरं सांगा, माझ्या बाबांना वर काढलं कुणी?"