चिमट्यात राहिलेलं पत्र

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते पत्र आठ महिने माझ्याच चिमट्यात होतं, म्हणून ही हकिगत मीच सांगायला हवी. मी एक जुना पुठ्ठा आहे, कागद अडकवून लिहिण्याचा. मला बोलायची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रद्दीचा लगदा दाबून मला घडवलं, वर लोखंडी चिमटा ठोकला आणि एका संशोधन केंद्रात पाठवलं. तिथले डॉक्टर माणसांवर निरनिराळे अभ्यास करतात आणि भाग घेणाऱ्यांना मानधन देतात. त्याआधी प्रश्नावली भरावी लागते. उत्तरं जुळली तर निवड, नाहीतर घरी. कोणती उत्तरं हवीत, हे सांगायला कर्मचाऱ्यांना सक्त मनाई असते. "हा पुठ्ठा घ्या, यावर अक्षर चांगलं येतं," असं नर्सताई म्हणत, तेव्हा मला लाजल्यासारखं होई.

एकदा एक घड्याळजी आले. त्यांचं दुकान बंद झालं होतं. अभ्यास विसराळूपणावरचा होता. शेजारी बसलेला रंगारी कुजबुजला, "काका, सगळं ठणठणीत लिहा. आजारी माणसाला कामावर कोण घेतंय?"

"घेतलं तर लेकीला सांगेन, म्हातारा पुन्हा कामाला लागला!" काका हसले.

नेहमीच्या रस्त्यावर चुकता का? नाही. माणसांची नावं विसरता का? नाही. प्रत्येक 'नाही' ते माझ्यावर पेन दाबून ठळक लिहीत होते. अभ्यासाला विसरणारी माणसंच हवी होती. काकांचं नाव गळलं.

दोन दिवसांनी ते परत आले. "ताई, मी पहिल्यांदाच आलोय. फॉर्म कुठे मिळेल?"

नर्सताईंना सगळं कळलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण नियम आठवून मिटलं.

मग लेकीचं पत्र आलं. "बाबा म्हणतात, मी नापास झालो. ते कोणाशी बोलत नाहीत. त्यांचं काय चुकलं, एवढंच कळवाल का?"

नर्सताईंनी ते माझ्या चिमट्यात लावलं. उद्या लिहू, असं म्हणाल्या असतील. त्यावर नवे कागद चढत गेले. माझे कोपरे झिजले. केंद्रात प्रश्नावली भरायला पडद्यावर लिहायचे टॅब्लेट आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. पत्र माझ्यापाशीच राहिलं.

गेल्या सोमवारी तो अभ्यास संपला. आवराआवर करताना नर्सताईंच्या हाती मी लागलो. पत्र वाचून त्या स्टूल ओढून बसल्या. मग माझ्यावरच कागद ठेवून त्यांनी लिहिलं, "तुमचे बाबा नापास झाले नाहीत. त्यांना विसरायला होतं आणि ते त्यांनी लपवलं. मला दिसत होतं, तरी मी गप्प राहिले. त्यांना लगेच डॉक्टरांना दाखवा. उशीर मी केला आहे."

मित्रांनो, माझ्यासारखा पुठ्ठा जपला नाहीत तरी चालेल. पण एखादं माणूस तुमच्यासमोर हरवत चाललेलं दिसलं, तर त्याच्या घरच्यांना सांगा. उद्यावर टाकू नका.

काकांना आता लेकीचं नाव आठवत असेल का, मला ठाऊक नाही. खिडकीतून एवढंच दिसलं की नर्सताईंनी रस्ता ओलांडला, पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट पेटीत टाकलं.