दोन वह्यांचा प्रिंटर

मी एक जुना थ्रीडी प्रिंटर आहे. आत्मवृत्त सांगताना ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून मीही म्हणेन. त्यावरून आपली मैत्री आहे असं मात्र कुणी समजू नये. आजवर माझ्याजवळ आलेल्या प्रत्येक माणसाने मला कुठे ना कुठे स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आहे. तुमचा चांगुलपणा एवढाच, की तुम्ही अजून आला नाहीत.

तर मित्रांनो, माझा जन्म योग्याकार्ता शहरातल्या कोतागेदे वस्तीत, गल्लीच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत झाला. शेजारीपाजारी चांदी ठोकणारे कारागीर राहतात. सकाळपासून ठकठक चालू असते. त्या ठकठकीतून निदान ताटं-वाट्या तरी निघतात. आमच्या खोलीतून सहा वर्षं फक्त चर्चा निघाली.

मला दोघांनी बनवलं. पहिली वेनिंग. ती तंत्रशाळेत शिकवते आणि कुणाचंही वाक्य पूर्ण होण्याआधी त्यातली चूक दाखवते. दुसरा गुनार्तो. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि स्वतःची चूक असेल तर तो वाक्यच पूर्ण करत नाही. त्या काळी दोघं घट्ट मित्र होते, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

माझा आराखडा त्यांना इंटरनेटवर फुकट मिळाला. असे प्रिंटर बनवणाऱ्या लोकांत एक नियम आहे: आराखडा फुकट घ्यायचा, त्यात काही सुधारलं तर वहीत लिहायचं आणि सगळ्या जगाला फुकट परत द्यायचं. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. तेव्हा मला अजून बोल्ट बसवलेले नव्हते.

बोल्टवरूनच भांडण झालं. वेनिंग म्हणाली तीन मिलिमीटरचे घालू, हलके असतात. गुनार्तो म्हणाला चारचे, मजबूत असतात. शिवाय त्याच्या गॅरेजमध्ये चारच्या बोल्टांचा बिस्किटाचा डबा भरून पडला होता, पण हे कारण त्याने सांगितलं नाही. तीन दिवस वाद झाला. चौथ्या दिवशी वेनिंगने माझं पुढचं अंग तीनच्या बोल्टांनी जोडलं आणि गुनार्तोने मागचं अंग चारच्या. मागचं अंग जड झालं. मी दोन अंश मागे कललो तो कललोच. कुणीतरी आपल्यावर कायम नाराज असावं आणि तो माणूस आपणच असावा, तसा मी उभा होतो.

पहिली छपाई म्हणून मी एक छोटी शिट्टी छापली. बावीस लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे लोक पहिल्या छपाईला टाळ्या वाजवतातच, मग ते काहीही असो. वेनिंगने शिट्टी टेबलावर उभी केली. शिट्टी मागे झुकली.

"हा मागे कललाय," वेनिंग म्हणाली.

"टेबल वाकडं आहे," गुनार्तो म्हणाला.

मित्रांनो, या दोन वाक्यांवर त्यांनी सहा वर्षं काढली. दुसऱ्याच दिवशी दोघांची एकच असलेली वही दुधासारखी फाटली. वेनिंगने लाल पुठ्ठ्याची वही केली, गुनार्तोने हिरव्या. दोन्ही माझ्या दोन बाजूंना सुतळीने लटकवल्या. मला हात लावला की प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं. दुसऱ्याची वही कुणीच वाचायची नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण पाळला मात्र सगळ्यांनी.

ते एकमेकांशी बोलतही नसत. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

"प्रिंटर, ज्यांना टेबल वाकडं वाटतं त्यांना सांग, म्हणावं डोळे तपासून या."

"प्रिंटर, म्बाक वेनिंगना सांग, म्हणावं चष्मा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे."

म्बाक म्हणजे ताई. तो भांडतानाही ताई म्हणायचा. त्याने मला जास्त राग यायचा. मी काय पोस्टमन आहे? माझ्या तोंडातून दोनशे अंशांवर वितळलेलं प्लास्टिक बाहेर पडतं. निरोप पडत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यशाळा असायची. सोलोहून, मागेलांगहून, कुठून कुठून पोरंपोरी यायची. तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, खायची आणि तेलकट बोटांनी मला हात लावायची. जाताना माझ्या अंगावर एकेक स्टिकर चिकटवून जायची. आज माझ्यावर एकशे चाळीस स्टिकर आहेत. काही ठिकाणी मी बोल्टांवर नाही, स्टिकरांवर उभा आहे.

माझं मुख्य काम म्हणजे दुसऱ्या प्रिंटरांचे भाग छापणं. मी अकरा प्रिंटरांना जन्म दिला. माझ्या कलण्यामुळे त्यांचे भाग तिरके, म्हणून अकराही मागे कललेले. चियांग माईच्या एका गृहस्थाने आमचा आराखडा उतरवून घेतला आणि लिहून कळवलं, "या प्रिंटरचा कल फार देखणा आहे. मी तो वाढवून चार अंश केला आहे." दोन्ही वह्यांत त्याची नोंद झाली. लालमध्ये संतापाने, हिरव्यामध्ये अभिमानाने.

मग एका रविवारी गल्लीचे प्रमुख पाक मुजियोनो खोलीत आले. पाक म्हणजे काका, मानाने. सभागृह गल्लीचं, म्हणजे त्यांच्या ताब्यातलं. होले, म्हणजे कबुतरासारखे घुमणारे पक्षी, पाळणं हे त्यांचं वेड. आमच्याकडे होल्यांच्या घुमण्याच्या स्पर्धा होतात. मैदानात उंच खांब रोवतात, कप्पीवरून दोरीने पिंजरे वर चढवतात आणि खाली परीक्षक कान देऊन बसतात. पाक मुजियोनोंच्या होल्याचं नाव ग्लुदुग. ग्लुदुग म्हणजे गडगडाट. तो आठ महिने गप्प होता.

"सहा वर्षांत तुम्ही इथे काय बनवलंत?" पाक मुजियोनोंनी विचारलं.

"हा प्रिंटर, पाक," वेनिंग म्हणाली.

"आणि याने काय बनवलं?"

"दुसरा प्रिंटर."

"आणि त्याने?"

"तिसऱ्याचे भाग."

पाक मुजियोनोंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे मशीन नाही. हा उंदीर आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. एकटा गुनार्तो हसला, आणि मग आपण चुकीच्या बाजूने हसलो हे लक्षात येऊन खोकला.

"माझ्याकडे बत्तीस पिंजरे आहेत," पाक म्हणाले. "पावसात ठेवायला जागा नाही. ही खोली मला हवी आहे. सोमवारी पिंजरे आत, तुम्ही बाहेर, आणि हा उंदीर भंगारवाल्याकडे."

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगायला हवी, इच्छा नसली तरी. वेनिंगला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नसती. तिने शाळेत विचारलं होतं, ग्रंथालयात विचारलं होतं, एका नूडल्सच्या दुकानाच्या माडीवरसुद्धा विचारलं होतं. ही खोली गेली की कार्यशाळा संपली, आणि मी भंगार. तिने धीर करून विचारलं, "पाक, एक संधी?"

पाक मुजियोनोंनी खिशातून एक तडकलेली कप्पी काढून माझ्यासमोर ठेवली. "येत्या रविवारी दहाला स्पर्धा आहे. ही ग्लुदुगच्या खांबावरची. अशी एक बनवा. चालली तर खोली तुमची."

"बाजारात मिळते की ही," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मिळते," पाक म्हणाले. "मी काय बाजारात जाऊ शकत नाही? मला तुम्ही काय करू शकता ते बघायचंय."

तिथे ठरलं की रविवारी सकाळी सात वाजता, खास कार्यशाळा भरवून सगळ्यांसमोर कप्पी छापायची. कप्पीचा आराखडा गुनार्तो करणार, कारण कप्प्या-चाकांचं काम त्याचं. प्रिंटर वेनिंग तयार ठेवणार. हे त्यांनी एकमेकांना माझ्यामार्फत कळवलं.

शनिवारी सकाळी वेनिंग एकटी आली. हत्यारांची पेटी माझ्यासमोर ठेवली. मग तिने माझ्या पुढच्या अंगातले सगळे तीनचे बोल्ट काढले, भोकं मोठी केली आणि चारचे बसवले. गुनार्तोचे, त्या बिस्किटाच्या डब्यातले. पुढचं-मागचं वजन सारखं झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ उभा राहिलो. मला ते आवडलं नाही. सरळ उभं राहिल्यावर समोरच्या माणसांचे चेहरे नीट दिसतात. तिने लाल वहीत लिहिलं आणि घाईघाईने गेली, चोरी केल्यासारखी.

शनिवारी दुपारी गुनार्तो एकटा आला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सहा वर्षं रोज पाहिलेल्या वस्तूकडे कोण पाहतं? लॅपटॉप उघडून तो स्वतःशीच म्हणाला, "मागे कलतो ना? कलू दे." आणि त्याने कप्पीचा आराखडाच दोन अंश पुढे झुकवला, म्हणजे माझ्या कलण्याने ती बरोबर सरळ छापली जाईल. हिरव्या वहीत लिहिलं आणि गेला.

मला दोन्ही माहीत होतं. सांगता आलं नसतं. आलं असतं तरी सांगितलं नसतं.

रविवारी सकाळी खोली भरली. दोन तास मी छापत होतो. कप्पी तयार झाली, आणि ती दोन अंश पुढे झुकलेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या.

"हे पुढे कसं झुकलं?" गुनार्तो म्हणाला. सहा वर्षांत तो पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "तू प्रिंटरला काय केलंस?"

"सरळ केलं! तू आराखड्याला काय केलंस?"

"तिरका केला! प्रिंटर कललेला होता म्हणून!"

"टेबल वाकडं होतं ना?"

"तू मला विचारलं का नाहीस?"

"मी लिहून ठेवलंय वहीत!"

"मीपण लिहिलंय वहीत!"

सगळे माझ्या दोन बाजूंना लटकलेल्या दोन वह्यांकडे बघायला लागले. नऊ वाजून गेले होते. पुन्हा छापायला आणखी दोन तास हवे होते. तेवढ्यात दारातून पाक मुजियोनो आत आले, टेबलावरून कप्पी उचलली आणि मैदानाकडे निघाले. मैदान खिडकीतून दिसतं. नाइलाजाने मीही पाहिलं.

ग्लुदुगचा पिंजरा वर चढू लागला. कप्पीचं भोक तिरकं, म्हणून चाक डुलत फिरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ओरडत होतं: कुर्र-कुक्‌. कुर्र-कुक्‌. आजूबाजूच्या खांबांखालचे लोक हसले. एकजण म्हणाला, "पाक, पक्षी वर चढवताय की गिरणी?"

पिंजरा टोकाला पोचला. वाऱ्याने दोरी हलली. कुर्र-कुक्‌.

ग्लुदुगने मान वळवून वर कप्पीकडे पाहिलं. अशी नजर मी ओळखतो. आठ महिने गप्प बसलेल्या जिवाला आपल्या डोक्यावर कुणीतरी वाईट आवाजात घुमतंय हे सहन होत नव्हतं. त्याने छाती फुगवली आणि उत्तर दिलं. वारा आला, कप्पी ओरडली, त्याने पुन्हा उत्तर दिलं, आधीपेक्षा मोठ्याने. ते गाणं नव्हतं मित्रांनो, ते भांडण होतं. पण परीक्षकांना फरक कळत नाही.

चौतीस पक्ष्यांत ग्लुदुगचा एकतिसावा नंबर आला. परीक्षकांनी कागदावर लिहिलं: 'आवाज उत्तम. स्वभाव वाईट.' पाक मुजियोनो तो कागद हातात घेऊन खांबाखाली उभे राहून आनंदाने रडले. मला रडणारी माणसं आवडत नाहीत.

संध्याकाळी ते खोलीत आले. "खोली तुमची," ते म्हणाले. "पण प्लास्टिक आहे, झिजणार. दर तीन महिन्यांनी मला अशीच कप्पी हवी. हुबेहूब अशीच. सरळ केलीत तर पिंजरे आत."

ते गेल्यावर वेनिंग आणि गुनार्तो माझ्याकडे वळले. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ही कप्पी कशी झाली हे लाल वहीत अर्धं होतं आणि हिरव्या वहीत अर्धं. कुठल्याही एका वहीवरून ती बनलीच नसती.

"दे इकडे," वेनिंग म्हणाली.

"तुझी दे आधी."

दोघांनी एकाच वेळी वह्या पुढे केल्या, कारण आधी कुणीच दिली नसती. हिरव्या वहीच्या पहिल्याच पानावर, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेला लिहिलं होतं: 'टेबल पाणसळीने मापलं. सरळ आहे. तिचं बरोबर आहे.' लाल वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'चारचे बोल्ट खरोखरच चांगले आहेत. त्याला सांगू नये.'

"सहा वर्षं!" वेनिंग ओरडली. "सहा वर्षं तुला माहीत होतं!"

"आणि तू बोल्ट चोरलेस!"

"तुझाच डबा उघडा पडला होता!"

हे भांडण अजून चालू आहे, मित्रांनो. पण आता समोरासमोर चालतं, माझ्यामार्फत नाही. दोन्ही वह्या एकाच सुतळीत बांधल्या आहेत आणि मला हात लावण्याआधी दोन्ही वाचाव्या लागतात. मी सरळ उभा आहे, आराखडा तिरका आहे, आणि दर तीन महिन्यांनी मी एक वाकडी कप्पी छापतो, तेव्हा बावीस लोक टाळ्या वाजवतात.

आता शेवटी विनंती करायची असते, म्हणून करतो. जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. तुमची काळजी मी भोगली आहे. एवढंच सांगतो, की कुणाची चूक गुपचूप दुरुस्त करायला निघालात, तर आधी त्याची वही वाचा. कदाचित त्याने ती सकाळीच दुरुस्त केली असेल. आणि स्टिकर लावू नका. जागा उरलेली नाही.