दर्याचा भात

"पाण्याकडे पाठ करून चढू नकोस गं. तोंड त्याच्याकडेच ठेव."

कराचीच्या धक्क्यावर माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हे सांगितलं तेव्हा माझ्या कडेवर मालन होती, काखेत देवांचा डबा होता आणि मागून माणसं रेटत होती. बोटीच्या शिडीवर उलट्या पावलांनी कोण चढलंय? तरी मी जमेल तशी तिरकी होऊन चढले. माई मात्र कठड्याला धरून, एकेक पायरी मागे चाचपत, पाण्याकडे बघतच वर आल्या. खलाशी ओरडला, "ए बुढी, सामने देख!" त्यांनी मान वळवली नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. सासरे तरुणपणी बंदरातल्या नोकरीसाठी कराचीला गेले आणि तिथलेच झाले. माझा जन्म तिथला, लग्न तिथलं. मराठी शाळा, गणपती, चैत्रातलं हळदीकुंकू, सगळं तिथं होतं. मुंबई आम्हाला ठाऊक होती ती पाहुण्यांच्या बोलण्यातून. फाळणी झाली आणि जो तो सांगू लागला, आता तुम्ही आपल्या देशात जा. आपला देश म्हणजे अंधेरीला, आंबोलीच्या बाजूला, चाळीतल्या दोन खोल्या. सासरे त्याआधीच वारले होते. ही हलवाहलव बघायला ते नव्हते, एवढंच बरं.

मालनला शाळेत मुली 'सिंधीण' म्हणायच्या, कारण ती मोठ्या मुलींना ताई म्हणायच्या ऐवजी 'अदी' म्हणून हाक मारी. वर्षभरात ती ते विसरली. यांना एका कंपनीत कारकुनी मिळाली, यांचेही दिवस मार्गी लागले. माझं म्हणाल तर माझे नेम माझ्याबरोबर आले होते. पहाटेची आंघोळ, देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय, मग चहा. हे सगळं जिथं चालतं ते माझं घर, असं मी मनाशी धरून चालले होते. माई मात्र पाच वर्षं झाली तरी 'आपल्याकडे' म्हणत ते कराचीला, आणि अंधेरीला म्हणत 'हे इथं'.

आणि माई भात खात नव्हत्या.

त्याचं असं झालं. हे लहान असताना विषमज्वरानं अगदी हाताबाहेर गेले होते. शेजारच्या सिंधी अम्मा म्हणाल्या, दर्यालालला साकडं घाल, तो आमचा पाण्याचा देव, तो जातपात बघत नाही. माई तेव्हा विशीतल्या, घाबरलेल्या. तशाच धक्क्यावर गेल्या आणि बोलून बसल्या, "माझा मुलगा उठू दे. दर वर्षी चैत्राच्या चंद्राला ह्याच धक्क्यावरून तुला ताहिरी घालीन." ताहिरी म्हणजे गूळ, बडीशेप, वेलदोडा घातलेला पिवळा गोड भात. नवस बोलताना जागा बांधून घेऊ नये, हे आपल्याकडच्या कुणी बाईनं सांगितलं असतं. पण सोबत होत्या त्या अम्मा, आणि अम्मांना कुठं ठाऊक होतं की हा धक्का एक दिवस परक्या देशात जाईल? माईंना तरी कुठं ठाऊक होतं?

हे उठले. तेव्हापासून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माई ताहिरी घेऊन धक्क्यावर जात. लग्नानंतर मीही जाई. खाली खोल, काळं, गप्प पाणी. भातावर दिवा ठेवून केळीचं पान सोडलं की दिवा हेलकावत दूर दूर जाई, आणि माई तो दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहत.

इथं आलो आणि पहिला चैत्र आला. त्या दिवशी मी पानं वाढली तर माईंनी भाताचं वाढप हातानं अडवलं.

"त्याचा भात राहिला," त्या म्हणाल्या. "मग माझ्या पानात भात कसा?"

मला वाटलं, त्या दिवसापुरतं असेल.

रेशनचे दिवस. शेजारच्या क्षमावहिनी एकदा पिशवीत डोकावून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचा नेम बरा आहे हो! आमच्याकडे तांदूळ आठवड्यालाही पुरत नाही. आमच्या सासूबाईंना पाठवू का शिकायला?" मी हसले. काय सांगणार? भातावर वाढलेली कोकणातली बाई सुकी भाकरी चावत होती आणि दर वर्षी थोडी थोडी वाळत होती.

यंदा शिमग्याच्या आधी त्यांना काही पचेना. डॉक्टर आले, पोट दाबून बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "भाकरी-पोळी बंद. पेज द्या, मऊ भात द्या. आतडी थकलीत त्यांची. असंच चाललं तर त्या पावसाळा काढणार नाहीत."

रात्रीचं जेवण झाल्यावर हे आईजवळ जाऊन बसले.

"आई, माझ्यासाठी बोललीस ना तो नवस? मग मी सोडतो तुला त्यातून. झालं?"

"तू कोण सोडणारा? तुला काय मी बोलले होते?"

"अगं, पण आता तिकडे जायला पासपोर्ट लागतो. ताहिरी घालायला जातो म्हणून सांगू का साहेबाला?"

"सांग की. त्याला आई नाही?"

मला हसू आलं, मग भरूनही आलं. यांनी आईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "समुद्र समुद्रच असतो, आई. आपण जुहूला जाऊ. रविवारी सकाळी."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण रविवारी पहाटे ताहिरी मात्र केली. माई आल्या. त्या माझ्यासाठी आल्या की यांच्यासाठी, मला कळलं नाही.

जुहूला बसमधून उतरलो तर ऊन चढत होतं. नारळाच्या झाडांखाली भेळवाला त्याची टोपली लावत होता. हे बूट हातात घेऊन पुढे निघाले. वाळूवर उभं राहून पान सोडायचं, हेच आम्हाला नवं. धक्क्यावर आपण उंच असतो आणि पाणी खाली आपल्या जागी असतं. इथं ते पायाशी येत होतं, लगट करत होतं. माईंनी केळीच्या पानावर भात ठेवला, दिवा लावला, वाऱ्यानं विझला, पुन्हा लावला. गुडघाभर पाण्यात जाऊन पान सोडलं आणि हात जोडले.

लाट आली आणि पान परत घेऊन आली. भात विस्कटून माईंच्या लुगड्याला चिकटला.

त्यांनी तो गोळा केला, पुन्हा सोडला. पुन्हा आला. पलीकडे दोन मुली खिदळत आपल्या चपला उचलून मागे मागे सरत होत्या. मघाशी कोरडी होती ती वाळू आता भिजली होती. भरती चढत होती, हे मला तेव्हा दिसलं.

"माई, भरती आहे. म्हणून येतंय परत."

"तिकडे कधी आलं होतं परत?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. "तिकडेही भरती असायचीच ना गं?"

धक्क्याखालचं पाणी आणि किनाऱ्याचं पाणी वेगळं, हे मला कळत होतं, पण ते बोलून काय उपयोग होता? माईंनी पदराला चिकटलेलं एक एक शीत निवडून पाण्यात टाकलं. "घेतलं नाही त्यानं," त्या म्हणाल्या, आणि वळून बसकडे चालायला लागल्या. पाण्याकडे पाठ करून.

त्यानंतर त्या भाकरीही अर्धीच घेऊ लागल्या.

मी माझे नेम करत होते, पण मन पोथीत नव्हतं. ओळीवरून बोट फिरे, आणि डोळ्यांपुढे ते वळून चालणं. पाडवा तोंडावर आला. एके सकाळी दिव्यात वात घालताना मला माझी आई आठवली. माझ्या लग्नात तिनं तिचे शुक्रवार माझ्या ओटीत घातले होते. "माझं शरीर आता उपास धरत नाही," ती म्हणाली होती, "पण सोडायचे कसे? तू घे." त्या दिवसापासून ते शुक्रवार माझे. आई निवांत जेवू लागली, आणि कुणी तिला नेम मोडला असं म्हटलं नाही.

पाडव्याला गुढी उभारून झाली. हे मालनला घेऊन देवळात गेले. मी कोठीतून तांदूळ सुपात घेतले आणि माईंपुढे जाऊन बसले.

"माई, तो नवस माझ्या ओटीत घाला."

त्या खिडकीशी बसल्या होत्या. हळूच वळल्या.

"कसला?"

"दर्याचा. तुम्ही धक्का बोललात, तुम्हाला धक्काच हवा. बरोबर आहे. मी काही धक्का बोललेली नाही. मी जे पाणी मिळेल तिथं घालीन. जन्मभर घालीन."

"तुझे काय थोडे आहेत? सोमवार, शुक्रवार, एकादशी... तुझा नवरा म्हणतो, आपल्या घरात देवांची रांग लागलीय."

"त्यात आणखी एक उभा राहील."

त्यांना क्षणभर हसू आलं. मग हात पुढे आले आणि मागे गेले. "मी कशी ओटी भरू गं? माझ्या हाताला आता तो मान आहे का? क्षमाबाईंनी पाहिलं तर चाळभर होईल."

"ओटी माझी आहे. क्षमावहिनींची भरायची असेल तेव्हा त्यांना विचारू."

तरी त्या सुपाकडे बघत राहिल्या. बाहेर कुणाच्या तरी गुढीवरच्या साखरेच्या माळेवरून पोरांची भांडणं चालली होती. मला वाटलं, आता नाही म्हणणार. आणि मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही, सुपाशी.

"हा एक राहिला होता. घर गेलं, माणसं गेली, ह्यांची राख तिकडेच राहिली. मी म्हणायची, हा आहे ना बाकी, म्हणजे मला एकदा जावंच लागेल. तो नेईल मला. हा तुला दिला, तर माझं तिकडे काय राहिलं?"

त्या भात खात नव्हत्या ते देवासाठी, असं आम्ही सगळे पाच वर्षं धरून चाललो होतो. त्या परतीची वाट उघडी ठेवत होत्या, आणि ती ठेवायला त्यांच्याजवळ एवढंच होतं. आता मीच तिला हात घालत होते. 'तुमचं तिकडे खूप आहे' असं काहीतरी म्हणावं, पण ते खोटं झालं असतं, आणि माईंना खोटं कळतं. मी पदर पसरून नुसती बसून राहिले. पाय बधिर झाले तरी हलले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. माईंनी सुपात हात घातला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या मुठीत तांदूळ होते. मूठ उचलली तेव्हा बोटांच्या फटींतून काही दाणे सांडले. त्यांनी ते वेचून पुन्हा मुठीत घेतले. मग माझ्या पदरात मूठ रिती केली. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"बडीशेप जास्त घाल," त्या म्हणाल्या. "त्याला बडीशेप लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई आली. ती वेसाव्याची कोळीण, आमच्या चाळीत मासळी विकायला येते.

"काय वैनी, आज पन उपास? देवाला एक दिस सुट्टी दे गं बाय, तो पन कंटालला आसंल!"

"सरूबाई, आज समुद्र उतरायला कधी लागेल?"

तिनं टोपली खाली ठेवली. "तुला कशाला गं? होडी घेतलीस का काय?" माझ्या तोंडाकडे पाहून तिची थट्टा थांबली. "दुपारी भरंल. दोन वाजून गेलं का उतरंल. द्यायचं हाय काय?"

"हो."

"मग खाडीच्या तोंडाशी ये. थितं पान्याला वड आसते, पार आत नेते. आमच्या बायका थितनंच सोडतात." टोपली डोक्यावर चढवताना ती म्हणाली, "कोनाचा नवस?"

"माझा," मी म्हणाले.

ओटीतल्या तांदळांची ताहिरी केली. बडीशेप जास्त घातली. माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून वास घेत होत्या. पातेलं उतरवल्यावर त्यांनी विचारलं, "गूळ करपला नाही ना?" मी पळी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. "त्याच्या आधी नाही."

ओटीतले थोडे तांदूळ मी मुद्दाम राखले होते. ते धुतले, पाण्यात भिजत घातले आणि चुलीजवळ झाकून ठेवले. पेजेपुरते. माई बघत होत्या. मग उठल्या, आणि मांजर येईल म्हणून त्या झाकणावर आपल्या हातानं पाट ठेवला.

दुपारी मालन शाळेत, हे कचेरीत. मी डब्यात भात घेतला, केळीचं पान गुंडाळलं, वाती आणि काड्यापेटी पदराला बांधली. माईंच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मग मी दार ओढून घेतलं आणि वेसाव्याच्या रस्त्याला लागले.